रेणूच्या पेटीत जागा होती

सकाळचे दहा. वार रविवार. वडगावात, बाजारपेठेमागच्या गल्लीत, संजीवनी तोडकर नावाच्या बाईंनी माळ्यावरून शाळेच्या कागदांची पोती खाली ढकलली. धप्प! घरभर धूळ!

घटना एवढीच, मंडळी. कुणी पडलं नाही, काही जळलं नाही. पेपरात कोपऱ्यात छापावी इतकीसुद्धा बातमी नाही. पण त्या पोत्यांनी त्या घराची जी शांतता घालवली, ती अजून परत आलेली नाही.

म्हणून आज देवीपुढं उभा राहून तुम्हाला एक प्रश्न विचारतो. एका आईची दोन लेकरं. आईनं दोघांसाठी दोन पेट्या आणल्या. एका मापाच्या, एका रंगाच्या, एकाच दुकानातल्या. एक ह्याला, एक हिला. सांगा — न्याय झाला का?

झाला म्हणता? माना डोलताहेत! ह्या बाजूच्या मावशींनी तर हात वर केलाय. ठीक आहे. घाईनं उत्तर देऊ नका. पेटीचं माप सारखं होतं हे खरं. पण न्याय मापात असतो, का भरणाऱ्या हातात असतो? — आणि पेटीवाले, तुम्ही दचकू नका! तुमच्या पेटीबद्दल बोलत नाही. ही प्लॅस्टिकची. वाजत नाही. पण एकदा वाजली... ते पुढं सांगतो.

तर ऐका! वडगाव म्हणजे शेजारच्या तालुक्यातलं. नावं मी बदलली आहेत, नाहीतर उद्या बाई माझ्या दारात उभ्या! आणि हे मला कुणी सांगितलं? तर त्यांच्या शेजारच्या मालनकाकूंनी. मालनकाकू म्हणजे माझ्या मावसबहिणीची नणंद. नातं लांबचं आहे, पण बातमी जवळची आहे.

संजीवनीबाईंचे यजमान विलासराव. वीज मंडळात लाइनमन. सगळ्या गावाचा उजेड दुरुस्त करतात, घरातला बल्ब महिनाभर गेलेला! — हसू नका, प्रत्येक घरात असंच असतं. थोरला मुलगा शंतनू, दहावीत. हुशार! नुसता हुशार नाही, ज्याचं नाव घेऊन दुसऱ्याच्या पोरांना मार बसतो, तसा हुशार. आणि धाकटी रेणुका. घरात रेणू. सहावीत. ती कशी? — हा प्रश्न विचारला की घरचे जरा थांबायचे. मग म्हणायचे, "रेणू ना? बरी आहे."

बरी आहे! मंडळी, ह्या दोन शब्दांत किती लेकरं गाडली गेली असतील! पहिल्या बाकावरच्याला शाबासकी मिळते. शेवटच्या बाकावरच्याला बोलणी मिळतात. मधल्या बाकावरच्याला काय मिळतं? बरोबरची एक खूण. तीसुद्धा घाईत मारलेली. तिचं शेपूट पुढच्या पानावर गेलेलं!

आता संजीवनीबाईंचं चुकत होतं का? अजिबात नाही! नवरात्र तोंडावर आलेलं. घर झाडायला घेतलं. माळा उघडला, तर तिथं सगळी शाळाच नांदत होती! चाचणीचे पेपर. सहलीच्या नोटिसा. बालवाडीतला कापसाचा ससा — त्याचा एक कान उंदरानं नेलेला. डाळी चिकटवून केलेला मोर — त्याला किडे लागलेले, मोर आपोआप चालायला लागला होता! आवरायला नको? नकोच कसं! तुमच्याकडं नाही असलं काही? आहे की! दहावी होऊन पोरगं दोन लेकरांचा बाप झालं, तरी त्याचं भूगोलाचं गाइड माळ्यावर. कशाला? तर, "असू दे, लागेल कधीतरी." अहो, आता त्याला भूगोल लागणार आहे का? त्याचा स्वतःचा भूगोल बदलला!

संजीवनीबाई तसल्या नव्हत्या. त्यांनी मोबाइलवर एका बाईंचा व्हिडिओ बघितला होता. त्या बाईंचं घर कसं? पांढरी भिंत, पांढरा सोफा, जमिनीवर एक चप्पल नाही. त्या घरात माणसं राहतात, का फक्त रंगारी येऊन जातो, कळत नाही! त्या बाई गोड हसून म्हणाल्या, "एक मूल, एक पेटी. एकेक कागद हातात घ्या. विचारा, हा ठेवण्यासारखा आहे का? आणि पेटीच्या आत जे आहे, तेच पेटीवर लिहा."

पटलं! संजीवनीबाई दोन निळ्या पेट्या घेऊन आल्या. पितृपंधरवड्यात नवी वस्तू घ्यायची नाही, म्हणून आधीच आणून कोपऱ्यात झाकून ठेवल्या. इतकी काळजी! पितर नाराज होऊ नयेत म्हणून इतकी काळजी घेतली त्या माउलीनं. आणि जिवंत लेकरू...? थांबा. मी पुढं पळतोय.

रविवारी कामाला सुरुवात झाली. शंतनू क्लासला. विलासराव चहाचा कप घेऊन दारात.

"अगं, त्यात माझी नोकरीची ऑर्डर आहे का बघ."

"अहो, ही पोरांच्या शाळेची पोती आहेत."

"असू दे की. या घरात काय कुठं सापडंल, सांगता येत नाही."

असं म्हणून गडी कप ठेवून निघून गेला. पसारा बघून निघून जाणं, ही पुरुषांची जुनी विद्या आहे!

रेणू मात्र आईला चिकटूनच बसली. तिला आईनं काम दिलं. पेट्यांवर लावायच्या चिठ्ठ्या कर, आत जे असेल तेच वर लिहायचं. अक्षर चांगलं ना तिचं! रेणूनं मांडी घातली, स्केचपेनचा डबा उघडला. एका चिठ्ठीवर लिहिलं, 'शंतनू दादा', आणि शेजारी बॅट-बॉल. दुसरीवर लिहिलं, 'रेणुका'.

"आई, माझ्या नावाभोवती शेवंती काढू का झेंडू?"

"काढ काहीतरी. लवकर काढ."

"शेवंतीला पाकळ्या जास्त असतात. वेळ लागंल."

"मग झेंडू काढ."

"झेंडूला पण असतात की गं, आई!"

शेवटी तिनं शेवंतीच काढली. एकेक पाकळी! चिठ्ठी चिकटवली. लांब होऊन बघितली, जवळ जाऊन बघितली. मग मैत्रिणीकडं हादग्याची गाणी बसवायला पळाली. जाता जाता दारातून ओरडली, "आई, माझ्या पेटीत पहिलं मी ठेवणार हां! मी येईपर्यंत लावू नको!"

आईनं 'हो' म्हटलं का? म्हटलं. मनापासून म्हटलं का? कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला आई ज्या मनानं 'हो' म्हणते, त्या मनानं म्हटलं.

आता संजीवनीबाई एकट्या. पुढ्यात कागदांचा डोंगर. एक कागद हातात घ्यायचा — ठेवण्यासारखा आहे का? आता हे ठरवायचं कशावरून? व्हिडिओतल्या बाईंनी ते सांगितलंच नव्हतं! मग संजीवनीबाईंनी आपलाच नियम केला. सरळ, सोपा. ज्या कागदावर शाबासकी, तो ठेवायचा. नुसती खूण, नुसता आकडा — रद्दी!

सांगा, चुकीचा नियम आहे का? ऐकायला किती शहाणा वाटतो!

शंतनूचा पहिला कागद. शिष्यवृत्ती. पेटीत! दुसरा. वक्तृत्व, प्रथम क्रमांक. पेटीत! हस्ताक्षर स्पर्धा, विज्ञान प्रदर्शन, पाठांतर — पेटीत, पेटीत, पेटीत! हात कसा सपासप चाललाय! मग रेणूचा कागद. मराठीची चाचणी. बरोबर, बरोबर, चूक, बरोबर. खाली सही. पोत्यात. गणित. पोत्यात. निबंध. शाळेतल्या बाईंनी वर लिहिलंय, 'ठीक'. ठीक म्हणजे शाबासकी का? हात क्षणभर हवेत थांबला... पोत्यात. विज्ञानाचा पेपर. त्यावर लाल शाईनं भलंमोठं शून्य! ते बघायचं तरी कशाला? पोत्यात!

तेवढ्यात गल्लीतून आरोळी आली. "रद्दीऽऽ! पेपर रद्दीऽऽ!"

झालं! बशीरभाई रद्दीवाला एकदा येऊन गेला, की नवरात्र होईपर्यंत फिरकत नाही. संजीवनीबाईंची तारांबळ! खिडकीतून ओरडल्या, "भाई, थांबा! आले, आले!" आता कागद हातात घेऊन विचारायला वेळ कुठला? ओंजळीनं उचल, पोत्यात टाक. ओंजळीनं उचल, पोत्यात टाक! त्या गडबडीत एका कागदावर पाय पडला. रेणूच्या वहीचं पान. संजीवनीबाई जागच्या जागी थांबल्या. वाकल्या. पानाला हात लावला, तो कपाळाला लावला. सरस्वती आहे ती! नमस्कार केला — आणि तेच पान उचलून पोत्यात टाकलं.

हसू आलं? मलाही आलं होतं, मालनकाकूंनी सांगितलं तेव्हा. मग घरी जाता जाता ते हसू गेलं. अहो, कागदाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. लेकराच्या मनाला पाय लागला, तर कुठं वाकायचं? ते तर दिसतसुद्धा नाही!

पोती गेली. बशीरभाईचा गाडा गल्लीच्या टोकाला वळला. संजीवनीबाई पेट्यांपाशी आल्या. बघतात तर काय? शंतनूच्या पेटीचं झाकण लागेना! दाबलं. लागेना. गुडघा टेकवला. लागेना. एका कोपऱ्यातून शिष्यवृत्ती बाहेर डोकावतेय, दुसऱ्या कोपऱ्यातून विज्ञान प्रदर्शन. आणि रेणूची पेटी? रेणूच्या पेटीत जन्मदाखल्याची झेरॉक्स, वर्गाचा एक फोटो, आणि कुठल्यातरी स्पर्धेत भाग घेतल्याचा कागद. खाली निळा तळ लख्ख दिसतोय.

आता तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा, देवीसमोर बसलाय! एक पेटी ओसंडतेय, शेजारी एक रिकामी पडलीय. बाई सुगरण आहे, एका डब्यात मावत नाही ते दुसऱ्या डब्यात घालायची हाताला सवय आहे. मनात म्हणाल्या, "रेणूच्या पेटीत जागा आहे की!" शंतनूची वरची चळत उचलली, रेणूच्या पेटीत ठेवली. ह्याचं झाकण — टक्क! तिचं झाकण — टक्क!

तो आवाज, मंडळी! आवरल्याचा आवाज! त्या आवाजानं बाईंचा सगळा शीण उतरला. फोटो काढला. बहिणींच्या ग्रुपवर टाकला. 'आवरलं एकदाचं!' लगेच सगळ्या बहिणींचे अंगठे वर. पुण्याच्या बहिणीनं तर टाळ्या वाजवल्या. फोटोत काय दिसत होतं? दोन पेट्या. एका मापाच्या. एकीवर बॅट, एकीवर शेवंती. आतलं फोटोत दिसत नाही हो! फोटोत कधीच दिसत नाही.

दुपार टळली. रेणू पळत आली. हातात कागद. मैत्रिणीकडं बसून तिनं हादग्याचा हत्ती काढला होता. सोंडेत माळ. पाठीवर झूल.

"आई! हा पहिला! हा ठेवायचा पहिला!"

आई स्वयंपाकघरात. रेणूनं पेटी ओढली, झाकण उघडलं. आत वर काय? 'कुमार शंतनू विलास तोडकर, प्रथम क्रमांक.' तिनं तो उचलला. खाली? कुमार शंतनू. त्याच्याखाली? कुमार शंतनू. पार तळाशी एक झेरॉक्स, भाग घेतल्याचा कागद आणि वर्गाचा फोटो. त्या फोटोत तिचा चेहरा पुढच्या मुलीच्या रिबिनीमागं अर्धा लपलेला.

मंडळी, ती रडली नाही. आदळआपट नाही, 'आई' म्हणून हाक नाही. तिनं सगळं होतं तसं आत ठेवलं, झाकण लावलं. हत्तीच्या कागदाची घडी घातली, आणखी एक घातली, फ्रॉकच्या खिशात टाकली. आणि स्केचपेनचा डबा घेऊन बसली.

दिवेलागणीला संजीवनीबाई देवापुढं दिवा लावून बाहेर आल्या. सहज नजर गेली. शेवंतीची चिठ्ठी पेटीवर नव्हती. तिथं नवी चिठ्ठी होती. स्वच्छ, वळणदार अक्षरात — 'शंतनू दादा – २'.

"रेणू! हे काय गं?"

"चिठ्ठी."

"अगं, पण ही तुझी पेटी."

"आत जे आहे ते वर लिहायचं, असं तूच म्हणालीस ना?"

आवाज चढलेला नाही. टोमणा नाही. पोरगी नियम पाळत होती! संजीवनीबाईंच्या तोंडून नको तो शब्द फुटला. "बाळा, जागा होती म्हणून ठेवलं गं."

"हो. जागा होती."

एवढंच बोलली आणि ताटं घ्यायला उठली.

आता सांगा, मारायला धावणारं पोर सांभाळता येतं. रुसून बसलेलं पोर लाडूला वश होतं. पण जे पोर शांतपणे ताटं घ्यायला लागतं, त्याचं काय करायचं? जेवताना संजीवनीबाई भात नुसता कालवत बसल्या. विलासराव म्हणाले, "आमटीत मीठ कमी आहे का?" बाई म्हणाल्या, "असेल." मीठ बरोबर होतं. कमी दुसरंच काहीतरी होतं.

सोमवारी पोरं शाळेला गेली, आणि बाईंनी पायात चप्पल सरकवली. थेट बशीरभाईचं दुकान.

"भाई, माझी कालची पोती?"

"ताई, काही सोनंनाणं राहिलं का आत?"

"पोरीचे पेपर राहिले."

बशीरभाईनं टोपी मागं सारली. "ताई, आज बाजार. वह्या सकाळीच किराणावाल्यानं नेल्या. सुटे कागद भेळवाल्या आप्पानं नेले. रद्दी काय, ठरत नाही एका जागी."

बाई पळाल्या! सोमवारचा बाजार, ऊन डोक्यावर, खालून कोथिंबिरीचा चिखल. तोडकरांची सून, कधी पदर ढळू दिला नाही, ती गर्दीतून वाट काढत पळतेय! कुणीतरी हाक मारली, "अहो वहिनी, काय हरवलं का?" काय सांगणार? काय हरवलं ते नीट नाव घेऊन सांगता येत असतं, तर काल टाकलंच नसतं!

आप्पाचा गाडा सापडला. गाड्यापाशी धोतरवाले एक आजोबा भेळ खात उभे. आणि त्यांच्या हातातल्या कागदाच्या कडेला निळ्या शाईतलं ते वळणदार अक्षर! संजीवनीबाईंनी लांबून ओळखलं. पोत्यात टाकताना जे दिसलं नव्हतं, ते भर बाजारात दिसलं.

"आजोबा, तो कागद द्या."

आजोबांचा घास तोंडात. "आँ? भेळ पाहिजे व्हय? आप्पा, बाईंना भेळ दे."

"भेळ नको. कागद."

"आगं माझे आई, खाऊन तर होऊ दे!"

बाई उभ्या राहिल्या. आजोबा खातायत, बाई बघतायत. एकेक मुरमुरा! शेवटी आजोबांना घास उतरेना. उरलेली भेळ तळहातावर ओतली, कागद उलगडून झटकला, सहज बघितला आणि म्हणाले, "कुणी काढलंय गं हे? भुंगा बघ की, आत्ता उडंल असा हाय!"

तो विज्ञानाचा पेपर होता. प्रश्न होता, 'परागीभवन कसे होते ते लिहा.' रेणूनं उत्तरात लिहिलं काहीच नव्हतं. फूल काढलं होतं. फुलात उतरणारा भुंगा काढला होता. त्याच्या पायाला चिकटलेले परागकण, ठिपका ठिपका करून काढले होते. आणि त्यावर शाळेतल्या बाईंचं लाल शून्य. 'शब्दांत लिही.'

आता बाईंचं चुकलं म्हणाल, तर प्रश्नात 'लिहा' असंच होतं. बाईंना शंभर पेपर तपासायचे. त्यांनी चित्र निदान बघून तरी शून्य दिलं. पण आईनं? आईनं शून्य बघून चित्र टाकलं! तो भुंगा कालही तिथंच होता.  तेल लागलेला तो कागद दोन्ही हातांत धरून संजीवनीबाई गाड्याला टेकल्या.

"आप्पा, उरलेला सगळा गठ्ठा मला द्या."

"आणि मी भेळ काय तळहातावर देऊ? आज बाजार हाय, वहिनी!"

बाई समोरच्या पेपर स्टॉलवरून जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आल्या, आप्पापुढं टाकला. अदलाबदल झाली. पण निम्मे कागद आधीच गेलेले! मग काय केलं असेल? गाड्याभोवती वाकून वाकून टाकलेले कागद गोळा केले. कांदा लागलेले, चिंचेचं पाणी प्यायलेले, कुणाच्या चपलेखाली आलेले. लोक थांबून बघायला लागले. मालनकाकू भाजी घ्यायला आल्या होत्या, त्यांनी हे डोळ्यांनी बघितलं. म्हणाल्या, "मी हाक मारणार होते. पण तिचं तोंड बघितलं, आणि पिशवी खाली ठेवून मीपण वाकले."

संध्याकाळी रेणू शाळेतून आली. घरात दोरी बांधलेली. दोरीवर चिमट्यांनी टांगलेले तिचे पेपर. घरभर भेळीचा वास!

"आई, हे काय?"

"तुझे पेपर. आणले परत."

रेणूनं एकेक कागद बघितला. भुंग्यापाशी जरा थांबली. मग म्हणाली, "मुंग्या लागतील, आई."

"पुसून घेतलेत. पेटीत ठेवू."

"कुठल्या?"

बघा, प्रश्न कसा येतो! बाजारात पळणं सोपं होतं. ह्या एका शब्दापुढं बाई उगाच दोरीवरचे चिमटे सरळ करायला लागल्या. आणि मग शंतनू उठला. ज्याच्या नावानं हे सगळं झालं, त्याला ह्यातलं काही ठाऊकच नव्हतं! चिठ्ठी वाचली, तोंड लाल झालं. म्हणाला, "आई, माझं तिच्यात कशाला घालतेस? मला विचारलंस का?" त्यानं पेटी उचलून उपडी केली. प्रथम क्रमांक सगळे फरशीवर! पेटी रिकामी. दुसऱ्या क्रमांकाची ती चिठ्ठी नखानं खरवडून काढली.

"घे, रेणू. लिही तुझं नाव."

"स्केचपेन संपलंय."

संपलं नव्हतं. डबा तिथंच होता, सगळ्यांना दिसत होता. मग आईनंच पेन घेतलं. वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, 'रेणुका'. फूल काढायला गेली, ते वांग्यासारखं आलं. रेणूनं बघितलं आणि म्हणाली, "ठीक आहे."

ठीक! लाल शाई नव्हती, एवढंच.

मंडळी, तेव्हापासून घरात काय चाललंय? घट बसले. रोज माळ चढतेय. भेळीचे कागद वाळून पेटीत गेले. पेटी काही भरली नाही. रेणू वेळेवर उठते, वेळेवर अभ्यासाला बसते, सांगितलं ते काम करते. विलासराव म्हणतात, "पोरगी शहाणी झाली बघ." संजीवनीबाईंना मात्र घरात बसवत नाही. या खोलीतून त्या खोलीत जातात, झाकलेलं उघडतात, उघडं झाकतात. कारण पूर्वी ही पोर दारातूनच ओरडत यायची — आई हे बघ, आई ते बघ! आई म्हणायची, "अगं जरा श्वास घेऊ दे मला." आता देते! पुरता श्वास घेऊ देते! "काय झालं गं आज शाळेत?" "काही नाही."

आवरू नका, असं मी म्हणत नाही. खुशाल आवरा! घर म्हणजे काही गोदाम नव्हे. किडे लागलेला मोर द्या टाकून, त्याला मोक्ष मिळू दे! पण टाकण्याआधी कागद उलटा, पालटा. लाल शाईच्या खाली काय आहे ते बघा. आणि ज्याचा कागद आहे, त्याला शेजारी बसवा. अहो, देवीला फूल वाहताना आपण विचारतो का, ह्या फुलाचा कितवा नंबर आला? शेवंती वाहतो, झेंडू वाहतो, कोपऱ्यात उगवलेली तगरही वाहतो. ती आई सगळं ठेवून घेते. आणि आपण, तिचीच लेकरं, घरात बसून निवड करतो! तुमच्या घरी कोण आहे 'बरी आहे'? कोण आहे 'ठीक'? आत्ता आठवा. नाव आठवायला वेळ लागला असेल, तर तीच. तोच.

रेणूचं पुढं काय झालं, विचारताय? जेवढं कळलं, तेवढंच सांगतो. त्यापुढं पदरचं घालणार नाही.

आज दुपारी शाळेच्या ग्रुपवर बाईंचा निरोप आला. 'सहावीचे चाचणीचे पेपर आज दिले आहेत. पालकांनी सही करून उद्या पाठवावेत.' संजीवनीबाईंनी तो निरोप कितीदा वाचला, त्यांनाच ठाऊक. रेणू घरी आली. दप्तर खुंटीला लावलं. पोहे खाल्ले. पेपरचं नाव नाही! बाईंनी विचारलं नाही. दप्तराची चेन उघडायला हात दोनदा पुढं गेला, दोनदा मागं घेतला. मनात नाही नाही ते. वर्गातल्या दोघीतिघी पोरी आईची सही स्वतःच ठोकतात, हे त्यांच्या कानावर होतं. आणि रेणूचं अक्षर? ती कुणाचंही वळण गिरवू शकते!

मालनकाकू देवीच्या वातीसाठी तूप मागायला गेल्या होत्या, तेव्हाचं हे; मघाशीच त्यांनी फोनवर सांगितलं. संजीवनीबाई पोळ्या लाटत होत्या. रेणू खोलीतून बाहेर आली. खुंटीपाशी गेली. दप्तर काढून मांडीवर घेतलं, पण उघडलं नाही. मग मान वर न करताच म्हणाली,

"आई, पेन कुठंय?"

आईच्या हातातलं लाटणं थांबलं. कशाला पाहिजे, ते रेणूनं सांगितलं नाही.